साठीनंतर पुन्हा ब्रश हाती घेताना

प्रश्न थोडक्यात असा : वय 62. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत ‘अ’ श्रेणी. पुढे चित्रकलाच शिकायची होती, पण घरच्यांनी कॉमर्सला घातलं. मग बँकेतली नोकरी, संसार आणि आता निवृत्ती. मधल्या काळात सणावाराला दारात रांगोळी काढणं तेवढं चालू राहिलं. मुलाने जलरंगांचा महागडा संच भेट दिला आहे. यूट्यूबवर बघून काढलेली चित्रं बरी होतात, पण आनंद होत नाही. स्वतःच्या मनाने काढायला गेलं की शाळकरी मुलीने काढल्यासारखं दिसतं. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, उजव्याचं व्हायचं आहे. हात किंचित कापतो. जलरंगच ठेवावेत की ॲक्रिलिक घ्यावेत? क्लास लावावा का? आणि मुलगा म्हणतो तसं वाढदिवसाला प्रदर्शन भरवावं का?

ताई,

चित्र बरं झालं तरी आनंद होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या बाकीच्या सगळ्या शंका या एका ओळीला येऊन मिळतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

व्हिडिओ बघून चित्र काढताना आभाळ किती खाली आणायचं, झाडाच्या सावलीत निळा घालायचा की जांभळा, होडी डावीकडे ठेवायची की उजवीकडे, कुठे हात थांबवायचा, हे सगळं आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. आपल्या वाट्याला फक्त हात हलवणं येतं. हाताला धरून कुणी रस्ता ओलांडून दिला तर आपण पलीकडे पोहोचतो खरे, पण रस्ता आपण ओलांडलेला नसतो. चित्रातला आनंद या ठरवण्यात आहे. समोरच्या वस्तूकडे बघून ‘इथे गडद, इथे कागद कोरा’ हा निर्णय तुमचा स्वतःचा झाला, की चित्र वेडंवाकडं आलं तरी दिवसभर मन भरलेलं राहतं. मोठ्या माणसांना शिकवताना हे मी इतक्या वेळा पाहिलंय की याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

याचा अर्थ नक्कल वाईट असा नाही. मुंबईची जे. जे. कलाशाळा 1857 मध्ये सुरू झाली आणि तिथे कित्येक पिढ्या प्लॅस्टरचे पुतळे समोर ठेवून रेखाटन शिकल्या. पण पुतळा समोर असताना त्याच्यावरचा उजेड विद्यार्थ्याला स्वतःच शोधावा लागायचा. व्हिडिओत तो शोध आधीच संपलेला असतो.

आता दुसरी तक्रार, चित्र शाळकरी दिसतं ही. ते तसं दिसणारच, कारण तुमचा हात दहावीतच थांबला आणि डोळा मात्र पुढे चालत राहिला. मधल्या साडेचार दशकांत तुम्ही साड्यांचे रंग निवडलेत, घरं पाहिलीत, काउंटरच्या पलीकडे हजारो चेहरे पाहिलेत. तुमची जाण साठीची आहे आणि रेघ पंधरा वर्षांची. या दोहोंमधलं अंतर टोचतं, आणि बहुतेक जण तिथेच ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून रंग कपाटात ठेवून देतात. माझ्या मते हे टोचणं हाच तुमच्या जमेचा भाग आहे. काय चुकलंय ते दिसतंय, म्हणजे डोळा तयार आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. ज्यांनी कधीच ब्रश धरला नाही त्यांच्यापेक्षा ‘अ’ श्रेणीवाल्यांना पहिले काही महिने जड जातात. परीक्षेतलं स्मरणचित्र, म्हणजे आठवणीतून काढायचं चित्र, आठवा : जत्रा, बसस्टॉप, पाणवठा. एचबी पेन्सिलीने बाह्यरेषा, आत पोस्टर कलर सपाट भरायचा, वरून काळ्याची बारीक रेघ मारून माणसं उठावदार करायची. वेळेत पूर्ण व्हायला ही पद्धत अगदी योग्य होती आणि आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी ती जीव ओतून शिकवली. पण त्यात आपण आठवणीतलं ठरीव झाड काढतो, ठरीव माणूस काढतो. दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य महाराष्ट्रातल्या प्रत्येकाच्या हातात बसलेला आहे, तो असाच. परीक्षेतला एक विषय मात्र अजून सोन्यासारखा आहे : वस्तुचित्र. समोर तांब्या, बादली, दोन-तीन भाज्या, मागे कापड. तुम्ही सुरुवात तिथून करा.

पितळी तांब्या घ्या. खिडकीजवळ टेबलावर, तुमच्या नजरेच्या खाली ठेवा. उजेड एकाच बाजूने येऊ द्या, वरचा दिवा बंद. आता तांब्याचं तोंड आणि बूड नीट बघा. तोंडाचं लंबवर्तुळ अरुंद दिसतं. बूड नजरेपासून आणखी खाली, म्हणून तिथला गोलावा तोंडापेक्षा जास्त भरलेला दिसतो. पण शंभरातले नव्वद जण बुडाशी सरळ रेघ मारतात, कारण तांब्या टेबलावर सपाट बसलाय हे त्यांना माहीत असतं. हात माहितीवर विसंबतो आणि डोळ्याला विचारत नाही. ती बुडाची रेघ ज्या दिवशी गोल येईल, त्या दिवशी तांब्या कागदावर ‘बसेल’ आणि तुम्हाला ते लगेच कळेल. मग कडेचा आकार काढताना तांब्याकडे न बघता तांब्या आणि खिडकीची चौकट यांच्यामधली मोकळी जागा बघा आणि तीच काढा. मोकळ्या जागेबद्दल मनात आधीचं काही साठवलेलं नसतं, त्यामुळे डोळा खोटं बोलत नाही.

नंतर डोळे बारीक करा. हे तुमच्या मास्तरांनीही सांगितलं असेल. डोळे बारीक केले की बारीकसारीक तपशील जातात आणि उजळ, मधला, गडद असे तीनच थर उरतात. पितळेत एक गंमत आहे, सगळ्यात झगझगीत ठिपक्याच्या अगदी शेजारी बऱ्याचदा सगळ्यात काळा पट्टा असतो. मातीच्या माठावर असं होत नाही, तिथे उजेड हळूहळू सावलीत उतरतो. आठवडाभर तांब्या आणि आठवडाभर माठ काढलात, की धातू आणि माती यांतला फरक बोटांना कळायला लागेल.

हे सगळं पहिल्या दोन महिन्यांत पेन्सिलीने (2बी आणि 6बी पुरे) आणि शाईच्या पेनाने करा. खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि तुमचा हात इतकी वर्षं रिकामा होता असं समजू नका. रांगोळीची रेघ खोडता येत नाही, ती एका दमात, चिमटीच्या दाबावर ओढावी लागते. कॉम्प्युटर येण्याआधी तुम्ही बँकेची लेजर, म्हणजे खातेवह्या, हाताने लिहिलेली असणार. ही सगळी रेघेचीच तालीम आहे. रवींद्रनाथ टागोरांची चित्रं कवितांच्या हस्तलिखितांतल्या खाडाखोडीतून सुरू झाली. खोडलेल्या शब्दांना जोडत जोडत आकार होत गेले, आणि साठी उलटल्यावर ते मन लावून चित्रं काढू लागले. 1930 मध्ये पॅरिसला त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांच्याकडे नव्हतं. लिहून लिहून कमावलेली रेघ होती. तुमचीही आहे.

विषय कोणते घ्यावेत हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण इथेच माणसं भरकटतात. माझ्या वर्गात एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. त्यांना समुद्रावरचा सूर्यास्त काढायचा होता, आणि तो काही केल्या जमत नव्हता. एकदा त्यांना म्हटलं, तुमच्या पिशवीतला पाना काढा. त्या पान्याचा जबडा, दांड्यावर हाताने घासून आलेली चमक, कडेचा गंज हे त्यांनी असं काढलं की वर्गात सगळे उठून बघायला आले. ज्या वस्तूला आयुष्यभर हात लावलाय तिचं वजन रेघेत उतरतं. मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यातल्या जोधईया बाई बैगा यांनी मोलमजुरीत आयुष्य काढून सत्तरीच्या आसपास ब्रश हाती घेतला. त्यांनी रंगवलं ते आपल्या जंगलातलं, झाडं, जनावरं आणि बैगा आदिवासींच्या कथा. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्याकडे बँकेतलं एखादं जुनं पितळी टोकन, शिक्क्याचं पॅड, किल्ल्यांचा जुडगा असेल तर तो काढा. घाटातली धुक्यातली झोपडी राहू द्या.

आता रंग. जलरंगच ठेवा. ॲक्रिलिक चांगलं माध्यम आहे, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात पॅलेटवर बघता बघता वाळतं, ब्रश धुवायचा राहिला तर कायमचा जातो आणि शिकणाऱ्याची सारखी घाई होते. तैलरंगाला टर्पेंटाइनचा वास आणि हवेशीर जागा लागते, फ्लॅटमध्ये ते त्रासाचं होतं. जलरंगाला टेबलाचा कोपरा पुरतो. अडचण एकच, आणि तुमच्या बाबतीत ती मोठी आहे. पोस्टर कलर अपारदर्शक असतात, चुकलं तर वरून पांढरा लावून उजेड परत आणता येतो. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. तो एकदा झाकला की गेला. त्यामुळे उजळाकडून गडदाकडे जायचं असतं आणि चकाकीची जागा सुरुवातीपासून कोरी सोडायची असते. परीक्षेच्या सवयीच्या हे बरोबर उलटं आहे.

ही सवय मोडायला एकच रंग वापरा. संचातला बर्न्ट अंबर किंवा सेपिया, यांपैकी एक तपकिरी घ्या, आणि तोच तांब्या फक्त पाण्याच्या कमी-जास्त प्रमाणावर उभा करा. तीन पातळ्या : कोरा कागद, पातळ वॉश (पाण्यात मिसळून पसरवलेला रंगाचा थर), आणि तो पूर्ण वाळल्यावर दाट वॉश. वाळला की नाही ते हाताच्या पाठीने बघा, गार लागला तर ओला आहे. अर्धवट ओल्या वॉशवर ब्रश फिरवला की फुलकोबीसारखे डाग पडतात. नवख्यांची निम्मी चित्रं इथेच बिघडतात. महिनाभर एकरंगी काम केल्यावर दोन रंग घ्या, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी. या दोघांतून गरम करडा, थंड करडा आणि जवळजवळ काळा सगळं मिळतं. सह्याद्रीचा ओला कातळ आणि कोकणातला जांभा या दोनच ट्यूबांत सापडतो. त्यानंतर यलो ऑकर (मातकट पिवळा), एखादा लख्ख पिवळा आणि क्रिमसन (गडद लाल) आणा. संचातल्या बाकीच्या ट्यूब वर्षभर तशाच राहिल्या तरी चालतील. सॅप ग्रीन तर सरळ ट्यूबमधून कागदावर लावूच नका. पावसाळ्यातला आपला हिरवा शेतात वेगळा, आंब्यावर वेगळा, शेवाळावर वेगळा. तो निळ्या-पिवळ्यातून स्वतः मिसळून घ्या.

महागडे रंग आहेत म्हणून जपून, कंजुषीने वापरणं हा आपल्या पिढीचा स्वभाव. तो इथे आड येतो. पॅलेटवर रंग बोटभर काढा, ब्रश भरून घ्या. काटकसर करायचीच असेल तर ती रंगांच्या संख्येत करा, कागदात तर अजिबात नको. शाळेतला ड्रॉइंग पेपर पाण्याने फुगतो, त्याच्यावर वॉश सरळ उतरत नाही आणि दोष आपल्या हाताला लागतो. 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, शंभर टक्के कापसाचा कागद घ्या. 22 बाय 30 इंचांचा एक ताव आणून त्याचे आठ तुकडे करा, साडेसात बाय अकराचा एकेक. मागची बाजूही वापरता येते, म्हणजे एका तावात सोळा चित्रं झाली आणि भीतीही गेली. पावसाळ्यात उरलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. दमट हवेत कागदावरची सरस खराब होते, मग रंग टिपकागदासारखा शोषला जातो आणि आभाळात ठिपके उमटतात. ब्रश दोनच : एक जाडसर गोल, टोक चांगलं असलेला, आणि एक चपटा.

जलरंगात किती ताकद आहे ते एकदा मूळ चित्रासमोर उभं राहून बघा. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात आणि तैलचित्र समजतात. ते कागदावरचं जलरंगाचं काम आहे, 1945-46 च्या सुमाराचं, म्हणजे सावंतवाडीत 1882 मध्ये जन्मलेल्या हळदणकरांनी ते साठी ओलांडल्यावर केलं. ज्योतीआड धरलेल्या तळव्यातून, बोटांच्या फटींतून तांबूस उजेड झिरपतो, त्या जागी थांबा आणि बघा. त्यांची साधना जन्मभराची होती, त्यामुळे बरोबरी करायला सांगत नाही. पण कागदाचा कोरेपणा राखून उजेड कसा उभा करतात, हे तिथे जितकं कळतं तितकं कुठल्याही धड्यात कळत नाही. म्हैसूर लांब पडलं तर सातारा जिल्ह्यातल्या औंधला भवानी संग्रहालयात जा. तिथे रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत आणि औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी स्वतः काढलेलीही आहेत.

डोळ्यांबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा-जांभळा प्रकाश अडवतं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला निळा एकदम भडक, पांढरा निळसर दिसू लागतो. तुमचा एक डोळा झालाय आणि एक व्हायचाय, म्हणजे सध्या तुम्हाला दोन वेगवेगळे पांढरे दिसताहेत. एकेक डोळा झाकून कोरा कागद बघा, लगेच लक्षात येईल. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराला हेच भोगावं लागलं. 1912 मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं, 1923 मध्ये एका डोळ्याचं ऑपरेशन. मधल्या काळातली त्यांची चित्रं तांबूस, गढूळ होत गेलेली दिसतात. रंग ओळखण्यासाठी ते ट्यूबवरची नावं आणि पॅलेटवरच्या ठरलेल्या जागांवर भिस्त ठेवत. तुम्हीही पॅलेटवर प्रत्येक रंगाची जागा पक्की करा आणि दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन नजर स्थिरावेपर्यंत एकरंगी कामच करा. त्यात डोळ्याचा दोष आड येत नाही. रात्री पिवळ्या बल्बखाली रंगवू नका, पिवळा रंग कागदावर दिसेनासा होतो. चष्म्याच्या डॉक्टरांना कागद किती अंतरावर असतो ते सांगा. वाचायचा चष्मा बोर्डासाठी बहुधा जवळचा पडतो.

हात कापण्याचं : ते नवीन असेल किंवा वाढत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. किरकोळ असेल तर चित्र अडत नाही. मनगटातून रेघ ओढली तर कंप दिसतो, खांद्यातून ओढली तर विरतो. म्हणून बोर्ड किंचित उभा ठेवा, ब्रश मागे धरा, करंगळी कागदावर टेकवा. दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर हाताखाली टोकाला कापड गुंडाळलेली काठी आडवी धरायचे, ती युक्ती बारीक कामाला अजून उत्तम आहे. आणि थोडी थरथरती रेघ कित्येकदा सुतासारख्या सरळ रेघेपेक्षा जिवंत दिसते. जुन्या झाडाची साल काढून बघा.

क्लास लावायचा तर आधी एक दिवस नुसतं जाऊन बसा. समोर वस्तू ठेवून काढायला लावतात का, आणि शिक्षक तुमच्या कागदावर स्वतः ब्रश चालवतात का, हे दोन बघा. जिथे दोन तासांत सगळ्यांचं एकसारखं चित्र पूर्ण करून घरी पाठवतात तिथे पैसे घालू नका. मुंबई-पुण्यात रविवारी एकत्र जमून जागेवर बसून स्केचिंग करणारे गट आहेत, त्यात सगळ्या वयाचे लोक असतात आणि कुणी कुणाला मार्क देत नाही. मला ते अनेक क्लासेसपेक्षा बरं वाटतं.

वेळेचं सगळ्यात कठीण आहे आणि इथे मी आग्रहाने बोलणार. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका ‘सगळं आटोपलं की बसते’ म्हणतात. आटोपतं तेव्हा ऊन गेलेलं असतं आणि पाठ भरून आलेली असते. तुम्ही सकाळी बसा. चहा झाला की, कुकर लावायच्या आधी, अर्धा तास. घरच्यांना सांगून टाका की या वेळात तुम्ही नाही आहात. टेबल कायमचं मांडून ठेवा, रोज काढ-घाल करायला लागली की चार दिवसांत उत्साह मावळतो. बँकेत तुम्ही इतकी वर्षं घड्याळावर काम केलंत. स्वतःच्या कामाला तेवढाच मान द्या.

प्रदर्शन या वाढदिवसाला नको. मुलाची माया समजते, पण तारीख ठरली की तुम्ही लोकांना आवडेल असं काढायला लागाल, म्हणजे पुन्हा व्हिडिओतली होडी आणि सूर्यास्त. फॅमिली ग्रुपवरही सहा महिने काही टाकू नका. ‘वा, सुंदर’ असं वीस जणांनी म्हटलं की नेमकं कुठे फसलंय ते बघायची इच्छाच राहत नाही. मुलाला काही द्यायचंच असेल तर कापसाच्या कागदाचे दोन ताव आणायला सांगा. एखादं चित्र फ्रेम करावंसं वाटलं तर माउंट, म्हणजे चित्र आणि काच यांच्यामधली पुठ्ठ्याची चौकट, घालूनच करा, कागद काचेला चिकटता कामा नये. आणि पावसाची ओल येणाऱ्या भिंतीवर ते टांगू नका.

प्रत्येक पानाच्या मागे तारीख, वेळ आणि उजेड कुठून होता ते लिहा. एकही पान फाडू नका. तांब्याच्या बुडाशी अडलात तर त्या पानाचा फोटो पाठवा, आणि पाठवताना बरं झालेलं नको, न जमलेलं पाठवा.